कॅप्टनसाहेबांचा नंदी

बाबा, तुमची पणती फौजेत चालली. नर्स म्हणून घेतलं आहे तिला, काम दवाखान्यातलं, पण वर्दी तीच आणि पोस्टिंग म्हणतील तिथं, पहिलंच बर्फाच्या मुलखात. तुम्हाला ऑफिसर व्हायला उभी नोकरी लागली, ती ऑफिसर म्हणूनच सुरुवात करणार. परवा सकाळी अकोल्याहून गाडी आहे. घरात सगळे आनंदात आहेत. तुमचा नातू, म्हणजे माझा मुलगा, ओळखीच्या साऱ्या घरी पेढे वाटून आला. पण आबांनी हो म्हटल्याशिवाय मी पाय उचलणार नाही, असं पोरीनं स्वतःच धरून ठेवलं आहे, आणि तिचा आबा मीच, मी काही हो म्हणत नाही. नाही पण म्हणत नाही. पाहू म्हणतो आणि तोंड फिरवतो. सून म्हणते, कॅप्टनच्या घरात हे शोभत नाही. तिनं तुम्हाला फक्त फोटोत पाहिलं आहे. लोकांना वाटतं फौजीच्या घरात भीती नसते. फौजी तर बाहेर असतो बाबा, भीती घरातच राहते.

आपल्या गावी, हिवरखेडला, तुम्ही वर्षातून एकदा यायचात, कधी तेही नाही. लढाईच्या दिवसांत पोस्टमन आपल्या बोळीत वळला की आईचं जातं थांबायचं. तो पुढच्या घराकडं गेला की पुन्हा फिरू लागायचं. मी ओट्यावर बसून तेवढाच आवाज ऐकत असे. काळजी करायची सवय मला तिथं लागली. आता तर कोणाचा फोन लागला नाही तरी मी दारात जाऊन उभा राहतो, आणि घरातले हसतात. शेताला माणूस नव्हता म्हणून नववीत माझी शाळा सुटली. तुम्ही सुटीवर आलात तेव्हा तुम्हाला ते कळलं. तुम्ही मला अंगणात उभं केलंत आणि म्हणालात, "सीधा खडा रह. मान काहून खाली?" शाळेबद्दल एक शब्द नाही. तुमची सुटी संपेपर्यंत मी ताठ चाललो. मग तुम्ही गेलात, आणि मी पुन्हा पहिल्यासारखा झालो.

मग तुम्ही रिटायर होऊन अमरावतीला आमच्याकडं आलात. मी तेव्हा तिथं कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होतो, घर दोन खोल्यांचं. मला वाटलं, आता रोज परेड. पण तुम्ही आलात आणि नातवाचेच झालात. त्याच्या बोटभर बुटांना रोज पॉलिश. वरणभात कालवायचा, मिठाचा अंदाज स्वतः घ्यायचा, मग त्याला घास. तो झोपला की कोणी भांडं वाजवायचं नाही. मी पाहत राहायचो. हा तोच माणूस काय, असं एकदा बायकोला विचारलं, तर ती म्हणाली, "तुमाले काय पोराची जळण होऊन रायली?" होत होती थोडी.

तो पाच वर्षांचा होता त्या वर्षीचा तान्हा पोळा मला रोज आठवतो आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं आपापले लाकडी नंदी सजवून दारोदार नेतात, घरची बाई नंदीला ओवाळते आणि पोराच्या हातावर बोजारा ठेवते, खाऊ नाहीतर एखादं नाणं. तुम्ही बाभळीचा नंदी स्वतः घडवला होता. एक शिंग वाकडं वाटलं म्हणून दोन्ही पुन्हा तासली होती. आणि नेमका त्या सकाळी पोराला ताप भरला. सगळ्यांचे नंदी जातील आणि माझाच घरी राहील, म्हणून तो रडत होता. मी म्हटलं, पुढच्या वर्षी नेऊ. तुम्ही दाढी केलीत, कोट चढवलात, त्यावर मेडलं लावलीत, आणि नंदीची दोरी हातात घेऊन बाहेर पडलात.

मी मागं धावलो. गल्लीत चिल्ल्यापिल्ल्यांची रांग, आणि तिच्या शेवटी पांढऱ्या मिशांचे तुम्ही, चाकांचा नंदी ओढत. शेजारचे मास्तर ओट्यावरून म्हणाले, "कॅप्टनसाहेब, बदली झाली वाटते, बैलायच्या पलटणीत." सारी गल्ली हसली. तुम्ही मात्र एकेका दारासमोर नंदी नीट उभा करत होतात, ओवाळून झालं की हात पुढं करत होतात. कोणाचा फुकटचा चहा न पिणारा माणूस. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जवळ जाऊन हळूच म्हटलं, "बाबा, चाला घरी. लोक हासून रायले."

"हासू दे," तुम्ही मागं न पाहता म्हणालात. "पोरगं बिमार आहे. त्याच्या जागेवर कोनीतरी उभं रायलं पायजे न."

माझ्या जागेवर कोण उभं होतं, हे माझ्या जिभेवर आलं होतं. विचारलं नाही. घरी येऊन तुम्ही मुरमुरे, बत्तासे, नाणी, सगळं पोराच्या उशाशी ओतलंत आणि कोणत्या घरी काय मिळालं त्याचा रिपोर्ट दिलात. तापातही तो हसला. मग ओसरीत कोट काढता काढता, माझ्याकडं न पाहता, तुम्ही म्हणालात, "तुया वक्ती मी कोठी होतो, मलेच याद नाही. पन पोळा कोन्या दिवशी आहे, ते दरसाल मालूम रायचं. पलटणीतल्या वऱ्हाडी पोरायले इचारून ठेवायचो." आणि आत निघून गेलात. पुढं त्यावर कधी बोलला नाहीत. वाट आम्हीच पाहिली, हे मी इतकी वर्षं धरून बसलो होतो, तिथं तुमचं ते एक वाक्य मला बसवताच आलं नाही. आज बसवू पाहतो आहे.

आज दुपारी पोर माझ्या खाटेवर येऊन बसली. म्हणाली, "आबा, चूप राहून कसं जमन? जे आहे ते बोला." मी ठरवूनच ठेवलं होतं. सांगायचं, बाई, जाऊ नको, एकदा लहानपणी वाट पाहून झाली, आता या वयात होणार नाही. तोंड उघडलं आणि निघालं भलतंच. म्हटलं, "तिकडं थंडी लय रायते. लोकरीचे मोजे जास्तीचे घे. पाय गार पडले का झोप नाही लागत." ती माझ्या पाया पडली आणि तिनं स्वयंपाकघरात जाऊन आईला सांगितलं, आबा हो म्हणाले. सुनेनं देवापुढं साखर ठेवली. मुलानं येऊन माझा हात हातात घेतला. असं त्यानं मोठेपणी कधी केलं नव्हतं.

हे टाकायला पेटी नाही, हे मला कळतं. पण घरात कोणाला सांगता येण्यासारखं नाही म्हणून तुम्हाला लिहिलं. मी हो म्हणालोच नव्हतो, बाबा. मला फक्त तिच्या पायांची काळजी वाटली होती. सगळ्यांनी त्याला हो समजून घेतलं, आणि मी ते तसंच राहू दिलं.