मोती घाणेरडा नाही

पेण, सोमवार संध्याकाळ

सासूबाई आज सकाळी पुन्हा म्हणाल्या, "तो उंदीर गडब गावच्या शेतात सोडून ये गो. घरभर वास मारतो." मोती हॅमस्टर आहे, हे सांगून मी थकले. आणि घाणेरडा तर मुळीच नाही. इतके महिने पिंजऱ्याच्या एकाच कोपऱ्यात मुतायचा. आता झोपतो तिथेच मुततो, पाणीही सारखं पितो. असं अचानक का? हे कोणीच विचारत नाही.

म्हणून सुट्टी टाकली आणि त्याला रोह्याच्या जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. शेळ्या घेऊन बसलेली माणसं हसली. हसू देत. डॉक्टरांनी लघवी तपासली. म्हणाले, "इन्फेक्शन हाय. जळजळ होते, कोपऱ्यापर्यंत दम निघत नाय त्याला."

घरी येऊन सासूबाईंना तेच सांगितलं.

"उंदराला औषध?"

"व्हय. आणि बरा होईपर्यंत पिंजरा माझ्या उशाशी राहील."

मी ओला भुसा काढला, त्याचं भिजलेलं पोट पुसलं, ड्रॉपरने औषध पाजलं. तो बोटाला कडकडून चावला. उद्याही पाजणार आहे.