गोड वासाची टाकी

प्रिय ठमे,

आपल्या कारखान्यातल्या त्या गोड वासाच्या केमिकलचं एक पिंप मला खरं कितीला पडत होतं, ते परवा पहिल्यांदाच नीट मांडून पाहिलं. बिलावरची किंमत धर. टाकी तापवायची वीज धर. त्यातलं निम्मं तर नळाच्या तोट्या धुवायच्या आधीच वाफ होऊन धुराड्यातून वर जायचं, म्हणजे आभाळाला उधार दिलेला माल, वसुली शून्य. दुपारी पेंगुळलेल्या हातांनी बिघडवलेलं काम धर, तुझ्या आईच्या डोकेदुखीच्या गोळ्या धर. आणि शिकायला बाहेर गेल्यापासून तू या घरात दोन रात्रींच्या वर कधी टिकली नाहीस, ते कुठे मांडायचं मला कळेना. म्हणून बेरीज तिथेच सोडून दिली.

टाकी खाली आणि आपण वर, असा आपला संसार. पॉलिशचं मेण लागलेल्या पितळी तोट्या तारेला अडकवून वाफेत सोडायच्या, की वर येताना अगदी न्हाऊन निघालेल्या. टाकीच्या तोंडाशी ती वाफ पांढऱ्या चादरीसारखी पडून असायची, हलायची नाही, नुसती श्वास घेतल्यासारखी वर-खाली व्हायची. दुपारी छताच्या काचेतून ऊन उतरलं की कामगारांची गाणी हळूहळू लांबत जायची, एकेका शब्दावर रेंगाळायची. मग वास जिना चढून घरात यायचा. तुझी आई बोलता बोलता मधेच थांबायची आणि आपण काय सांगत होतो ते भिंतीला विचारायची. तू जिन्याच्या कठड्यावर हनुवटी टेकून खाली बघत बसायचीस आणि सांगायचीस, बाबा, त्या तोट्या नाहीत, मासे आहेत, आणि ते झोपेत पोहतायत. मला वाटायचं, पोरगी कवी होणार. आल्यागेल्याला मी कौतुकानं सांगायचो, आमच्या घरात कुणाला झोपेची गोळी लागत नाही. तू केमिस्ट्री शिकलीस आणि एका सुट्टीत जेवता जेवता म्हणालीस की ते मासे नव्हते, आम्हीच गुंगीत होतो. मी हसलो. तू नाही हसलीस.

आता गल्लीची बातमी. प्रदूषण मंडळानं नवी योजना काढली. आजवर सगळा जोर धुराड्यावर होता, जाळी बसवा, वाफ अडवा. इन्स्पेक्टर यायचा, आम्ही चहा पाजायचो, जाळी दाखवायचो, तो जायचा. नव्या योजनेचं म्हणणं वेगळं होतं. विष अडवत बसू नका, ते लागणारच नाही असं करा. जो वापर कमी करील त्याची वार्षिक फी त्या प्रमाणात कमी, नव्या यंत्राला स्वस्त कर्ज, आणि तपासणीचा जाचही कमी. मंडळाची अधिकारी बाई, तुझ्याच वयाची, आम्हा कारखानदारांना समजावून सांगत होती आणि सगळे माना डोलावत होते. माझं लक्ष मात्र एका वाक्यावर. घट मोजायची ती, बाई पहिल्यांदा येऊन वापराचा जो आकडा लिहील, तिथपासून. बाहेर पडल्यावर मी सगळ्यांना गोळा केलं आणि म्हटलं, कुणी शहाणपणा करून आधीच टाकी बंद करू नका रे. पहिला आकडा लिहून होऊ दे. शेजारचा कुलूपवाला म्हणाला, शेठ, तुमच्यापुढे मंडळानंसुद्धा खिसा सांभाळावा. खोटं कशाला बोलू, मला गुदगुल्या झाल्या. सवलत कशी पदरात पाडायची ते या गल्लीला मी शिकवलं, ठमे. फुकटात मी आजवर कुणाची हवासुद्धा साफ केलेली नाही.

तूही आईला फोनवर हेच म्हणालीस ना, की सवलत दिसली तेव्हा कुठे बाबांना विष दिसलं? आई फोन नेहमी स्पीकरवर लावते, मी जिन्यात होतो, ऐकू आलं.

टाकीच्या जागी आता साबणाच्या गरम पाण्याचं यंत्र आहे. पहिल्या महिन्यात त्यानं मला रडवलं. तोट्यांवर डाग, मुलामा दुधाच्या सायीसारखा सुटून हातात, एक मोठं गिऱ्हाईक माल परत टाकून गेलं ते अजून फिरकलं नाही. मिस्त्री म्हणाला, शेठ, माणसाला आंघोळ घालणं सोपं. शेवटी त्यानंच धुतल्यावर गरम हवेचा झोत लावला आणि डाग गेले. आता दुपारी खाली गेलं की यंत्राचा पावसासारखा आवाज येतो, आणि गाणी सकाळच्याच चालीत संध्याकाळपर्यंत जातात. तुझी आई वाक्यं पुरी करते. ती बोलणी बरीचशी मलाच बसतात, पण पुरी असतात.

हे पत्र का, ते आता सांगतो. तुला तिसरा महिना असताना तू आईला फोन केला होतास. आवाज अगदी खाली आणला होतास, पण माझे कान तुला माहीत आहेत. तू म्हणालीस, बाळंतपणाला तिथे नको गं आई, डॉक्टर म्हणतात तो वास लाकडात, पडद्यात मुरून राहतो, जायला महिने लागतात. मी खाली गेलो आणि त्याच संध्याकाळी मिस्त्रीला टाकी उपसायला सांगितली. तुझ्या खोलीचे पडदे फेकले, कपाट काढलं, तेव्हापासून खिडक्या सताड उघड्या आहेत. परवा त्या अधिकारी बाईला वर नेऊन तिचं हवा तपासायचं यंत्र तुझ्या खोलीत धरायला लावलं. ती म्हणाली, काही नाही इथे, नुसती हवा आहे. तर तू ये. नाही जमलं तरी रागावणार नाही, पण सवलतीचं कारण सांगून नको म्हणू नकोस. बाई पहिला आकडा लिहायला आली तेव्हा माझी टाकी कोरडी पडून महिना झाला होता, तिनं शून्य लिहिलं. गल्लीत सगळ्यांना सवलत मिळाली, मला मिळाली नाही.

तुझाच,
बाबा