डब्यातल्या चार वड्या

आई, आज कॉर्नफ्लेक्सच्या वड्या केल्या. लेकीचा कॉलेजातला गट उद्या हरसूलला जाणार आहे, तिथल्या बालवाडीतल्या मुलांना घरचं काहीतरी न्यायचं म्हणाली. तू कुरमुऱ्यांच्या करायचीस, मी त्यात कॉर्नफ्लेक्स मिसळते. बाकी सगळं तुझंच. तुपात गूळ विरघळवायचा, पाण्याच्या वाटीत थेंब टाकून पाक बघायचा, भाजलेले दाणे आणि तीळ घालून सगळं तूप लावलेल्या ताटात थापायचं, गरम असतानाच सुरीने रेषा पाडायच्या. देवळाली कॅम्पच्या आपल्या स्वयंपाकघरात एकदा मी खिडकीबाहेर बघत बसले आणि पाक कडक झाला. तू उलथन्याची दांडी माझ्या मनगटावर मारलीस. "लक्ष कुठंय?" एवढंच म्हणालीस. शाळेत मुलांना मारायचीस तसंच, आवाज न चढवता. नंतर माझाही हात तसाच चालू लागला. माझी लेक सहा वर्षांची होईपर्यंत त्या हाताला ओळखू लागली होती.

आज लेक वड्या डब्यात भरत होती. एक तोंडात टाकून हसत म्हणाली, "मम्मा, आता सांगायला हरकत नाही. तेव्हा डब्यातल्या वड्या मी खाल्ल्या होत्या. चारही."

"कधी?"

"अगं, तू आजीवर ओरडलीस ना, तेव्हा. मी रडायलाच लागले होते. आजी कानात म्हणाली, गप्प बस, मला काही ती मारायची नाही."

मी ताट घासायला घेतलं.

ती सकाळ मला नीट आठवते. तू आमच्याकडे राहायला येऊन वर्ष झालं होतं. रोज सकाळी तुझं बोट टोचून शुगर बघायचं काम माझं. त्या दिवशी यंत्रावर तीनशे वीस आले. मी सरळ फळीवरचा डबा काढते, झाकण उघडते. लेकीला दिवसाला एकच वडी, दाताच्या डॉक्टरांनी बजावलेलं. डब्यात चार कमी आहेत. मी दोघींकडे बघते. तू लेकीकडे बघतेस, मग माझ्याकडे. "मी खाल्ल्या," म्हणतेस. पोळ्या करणाऱ्या मावशी ओट्याशी उभ्या आहेत, तरी मी थांबत नाही. या वयात लेकराच्या तोंडचा खाऊ चोरून खायला लाज नाही वाटत, असं विचारते. तू मान खाली घालतेस. मावशीच म्हणतात, "म्हातारं आन् लेकरू सारखंच असतंय, ताई. लय मनावर नका घेऊ." मी डबा कपाटात ठेवून कुलूप लावते आणि ऑफिसला जाते.

त्यानंतर शुगर चढलेलीच राहिली. रोज आकडा बघायचा आणि तुला विचारायचं, आज काय खाल्लंस. तू म्हणायचीस, काही नाही. मला ते खोटं वाटायचं. एकदा खोटं बोललेलं माणूस पुन्हा बोलतं, हे तूच वर्गात सांगायचीस. डॉक्टरांना फोनवर मीच सांगितलं, गोड सुटत नाही त्यांचं. त्यांनी इन्सुलिन वाढवून दिलं. तुझ्या पायाकडे कोणी पाहिलं नाही. करंगळीच्या खाली जखम होती, तुला ती जाणवतच नव्हती. मोज्याला डाग दिसला तेव्हा पंधरा दिवस उलटले होते. दवाखान्यात मोठ्या डॉक्टरांनी पट्टी उचलून पाहिलं आणि म्हणाले, आत पू आहे, म्हणून शुगर उतरत नव्हती. मी तेव्हाही मनात म्हटलं, असेल, पण वड्यांचंही झालंच असणार. पाय गुडघ्याखाली कापला. महिन्याभरात तू गेलीस. लोक भेटायला आले तेव्हा मी त्यांना सांगत होते, पथ्य पाळलं नाही हो तिने शेवटपर्यंत. तेराव्यालाही सांगितलं. अकरा वर्षं सांगत आले.

त्या वड्यांपायी जखम बघायची राहून गेली, हे लेकीला माहीत नाही. तिच्या दृष्टीने ती आजीची आणि तिची गंमत आहे, आणि ती तशीच राहू देईन. आज मी ताट घासून पुसून ठेवलं, वड्या कागदात गुंडाळायला तिला मदत केली, सकाळी किती वाजता उठवू ते विचारलं. मग ती झोपायला गेल्यावर हे लिहायला बसले. तू मला माफ केलं असतंस का, हा प्रश्न मी दोनदा लिहिला आणि खोडला. तू लेकीला वाचवलंस ते माझ्यापासून, आणि तो हात मला दिला होता तू. हेही खोडणार होते, राहू दिलं.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक लिहिते. त्या सकाळी डब्याचं झाकण काढून मी तुझ्याकडे पाहिलं आणि तू मान खाली घातलीस, तेव्हा मला राग आला नव्हता. बरं वाटलं होतं.