आधीपासूनचा आजार

प्रिय लंबू,

अक्षर वाकडं दिसलं तरी काळजी करू नकोस. आज बोटं बरी आहेत, सकाळी दोन फ्रॉक बेतून झाले. काज-बटणं मात्र आता शेजारच्या वहिनी करून देतात.

तू गेलास त्याला दोन वर्षं झाली. दाराशी बॅग घेऊन उभा होतास आणि म्हणालास, "तुझा विमा होईपर्यंत घटस्फोटाचे कागद करायचे नाहीत. तोवर शाळेच्या विम्यात बायको म्हणून तुझंच नाव राहील." माझं संधिवाताचं इंजेक्शन त्याच विम्यावर चालायचं. सोडून जाणाऱ्या माणसानं इतकं चांगलं वागू नये रे, धड रागावताही येत नाही.

मी शोधत होते, हे खोटं नाही. पहिला एजंट म्हणाला, आजार लिहूच नका. त्याला चहा न देताच वाटेला लावलं. दुसऱ्या कंपनीनं रिपोर्ट पाहून अर्ज परत पाठवला. तिसरी सगळं द्यायला तयार होती, फक्त सांधे सोडून. हे तुला फोनवर सांगितलं तेव्हा तू हसलास, म्हणालास, सांधे सोडून तुझ्यात उरतं काय? किती दिवसांनी हसलो होतो आपण.

गेल्या महिन्यात ताई आली होती. आडून आडून बोलत राहिली आणि शेवटी म्हणाली, तुझ्या शाळेतल्या त्या गणिताच्या बाईंना दिवस गेलेत. तू सांगितलं नाहीस. कसा सांगणार म्हणा.

आता माझंही ऐक. तू गेल्यावर चारच महिन्यांत एका सल्लागार बाईंनी हवी तशी पॉलिसी आणली होती. पहिलं वर्ष या आजाराचं काही मिळणार नाही, पुढे सगळं मिळेल. मी फॉर्म भरला आणि कपाटात ठेवून दिला. तुला सांगितलं, कुणी घेतच नाही. तो फॉर्म गेला असता, तर विमा तुझा म्हणून दर महिन्याला दवाखान्याच्या कागदांवर सही करायला तू आला नसतास. तेवढ्यासाठी तुला अडकवून ठेवलं. ताई गेल्यावर नवा फॉर्म पाठवला, काल पॉलिसी आली. मधलं वर्षभर इंजेक्शन सरकारी दवाखान्यात मिळेल, डॉक्टरांशी बोलले आहे. घटस्फोटाचे कागद सह्या करून सोबत ठेवलेत. बाळ यायच्या आत उरकून घे.

अजून थोडे दिवस तुझीच,
शिंपीण