मागच्या जिन्याचं कुलूप

३ ऑक्टोबर २०१८, बुधवार

कुलूप लागलेलंच होतं. आग लागली तेव्हाही, विझली तेव्हाही.

अक्षर वाकडं येतंय, येऊ दे. काल संध्याकाळी रोह्यातल्या आमच्या बिल्डिंगला आग लागली. पहिल्या मजल्यावर, जिन्याच्या तोंडाशी मीटरचा बोर्ड आहे तिथे. आधी ठिणग्या उडाल्या म्हणतात, मग भाडेकरूंनी शेजारी रचून ठेवलेल्या गाद्या पेटल्या. स्वयंपाकाची वेळ. कंपनीतून सुटलेली माणसं नुकती घरी आलेली. पुढचा जिना धुराने भरला, म्हणून वरच्या मजल्यावरची सगळी मागच्या जिन्याकडे पळाली. तिथे लोखंडी जाळीचं दार. दाराला कुलूप. चावी माझ्या दिराच्या, नासिरच्या खिशात. आणि नासिर पेणला गेलेला.

मी नदीपलीकडून, अष्टमीतल्या आमच्या घरून पूल ओलांडून धावत आले तेव्हा जाळीतून हात बाहेर आलेले दिसले. नुसते हात.

शिवा म्हणून एक भाडेकरू आहे, माणगावकडचा. त्याने पेटत्या गाद्या उघड्या हातांनी ओढल्या आणि खाली फेकल्या. म्हणून सगळे पुढून निघू शकले. सगळे जिवंत आहेत. अल्लाचे उपकार. पण शिवाचे दोन्ही हात गेले असं कोणीतरी म्हणत होतं.

५ ऑक्टोबर

अलिबागला इस्पितळात जाऊन आले. हात जाणार नाहीत, पण बोटं पूर्वीसारखी वळतील का ते डॉक्टर सांगत नाहीत. कोपरापर्यंत पांढरं गुंडाळलंय. तो झोपला होता. त्याची बायको सरू बाहेर बाकावर बसली होती. मला वाटलं, शिव्या देईल. द्यायला हव्या होत्या. मी भाकरी-भाजी नेली होती, ती तिने घेतली, माझ्यासाठी बाकावर जागा केली. मग हळूच विचारलं,

"भाभी, ती चावी कोनाकडं असते वो?"

मी सांगितलं. तिने मान हलवली, बस. ती त्या दिवशी जाळीशीच उभी होती, कडेवर पोर. पुढे जावं तर धूर, मागे हे दार. तिथे उभं राहून नवऱ्याच्या ओरडण्याचा आवाज ऐकत होती.



६ ऑक्टोबर

आज सरकारी माणूस पाहणीला आला. वायरिंग जुनं आहे म्हणाला, आग विझवायचं नळकांडं नाही, वर-खाली करायला एकच वाट. मागची वाट बंद ठेवता येत नाही, आतून कोणालाही ढकलून उघडता आली पाहिजे. माणसं भाड्याने ठेवली की ही मालकाची जबाबदारी.

मग विचारलं, मालक कोण?

नासिर म्हणाला, भाऊ गल्फला असतो. साहेबाने हातातला कागद बघितला आणि माझं नाव वाचलं. जमिला मन्सूर. सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. मीसुद्धा वळून मागे बघणार होते!

बिल्डिंग ह्यांनी माझ्या नावावर केली होती तेव्हा सगळ्या अष्टमीत कौतुक झालं होतं. बायकोला मालकीण केली म्हणून. मला आजपर्यंत एक खिळा ठोकायचा का, असं तरी कोणी विचारलंय?

९ ऑक्टोबर

नासिर वाईट नाही, हे स्वतःला सांगतेय. वायरिंगवाला लावला त्याने. लाल नळकांडं आणून टांगलं. शिवाला बघायला दोनदा गेला. पण कुलपाचं नाव काढलं की चेहरा बंद. गेल्या वर्षी चोरांनी मागच्या जिन्याने येऊन पाण्याची मोटर काढून नेली, भाडेकरूंचे मोबाइल गेले, तेव्हा हेच लोक बोंबलत आले होते म्हणतो. त्यांनीच कुलूप मागितलं. तेही खरं आहे.

मधला मार्ग काढला त्याने. चावी दाराशेजारी खिळ्याला टांगली. झालं ना समाधान, म्हणाला.

नाही झालं. आज दुपारी एकटीच गेले. डोळे मिटले, नाकावर ओढणी दाबली आणि चावी शोधली. सापडेना. सापडली तर कुलपात जाईना, गेली तर फिरेना. गंजलंय. डोळे उघडे ठेवूनसुद्धा दोन्ही हातांनी जोर लावावा लागला. मागे माणसं ढकलत असती तर? कडेवर पोर असतं तर?

तिथेच पायरीवर बसून रडले. वरून कोणीतरी डोकावलं आणि आत गेलं.

१० ऑक्टोबर

चावी खिळ्यावर नाही. कोणी नेली, कोणालाच माहीत नाही.

१२ ऑक्टोबर, शुक्रवार

आज ह्यांना सगळं सांगितलं. सुट्टीचा दिवस होता तिकडे. जाळी काढून टाकू या म्हटलं, चोर आले तर येऊ देत. आधी ऐकून घेतलं. मग म्हणाले, नासिर आहे ना बघायला, तू त्या माणसांच्यात जाऊ नकोस, लोक नावं ठेवतात. मी म्हटलं, कागदावर नाव माझं आहे, माणसं मेली तर मला धरतील. तर म्हणाले,

"नाव तुझं असलं म्हणून घर तुझं झालं काय?"

मग फोन तुटला, का ठेवला, कळलं नाही.

मी रागावले पण नाही. एवढंच वाटलं, मी कुठे उभी आहे? घर माझं नाही आणि मेलेला माणूस मात्र माझा.

१४ ऑक्टोबर

अम्मींशी बोलले, म्हणजे सासूशी. म्हटलं, तुम्ही सांगा नासिरला, तुमचं ऐकेल. जपमाळ थांबवली नाही. भावाभावांत भांडण लावू नकोस गो, एवढंच म्हणाल्या.

भाडेकरूंना म्हटलं, तुम्ही सगळे मिळून सांगा. ते खाली बघतात. एक म्हातारबाबा म्हणाले, बाय, आमाला खोली हाय ती राहू दे. दुसरीकडं कोण ठेवतंय आमाला? जळण्यापेक्षा काढून टाकण्याची भीती मोठी.

जाळी काढलेली कोणालाच नको आहे. मग मलाच का झोप नाही? शेजारी कोणी पाला जाळला तरी उठून गच्चीवर जाते, पुलापलीकडे बघते.

१७ ऑक्टोबर

विठू वेल्डरकडे गेले. नासिरला न विचारता, कोणालाच न विचारता. जाळी कापून द्या म्हटलं. कापतो म्हणाला, पण उद्या दसरा, हत्यारं पुजायला धुऊन ठेवलीत, उद्या कटर चालवणार नाही. परवा येतो.

परवा. दोन रात्री काढायच्या.

१९ ऑक्टोबर

आला. वेळेवर आला, कटरला झेंडूची माळ तशीच. वायर जोडली, चष्मा लावला, एक सळई अर्धी कापली. तेवढ्यात कोणीतरी नासिरला फोन केला असणार. तो मोटरसायकल तशीच टाकून वर आला. ओरडला नाही. विठूला म्हणाला, भाईंचा फोन आल्याशिवाय हात लावायचा नाही.

विठूने कटर खाली ठेवला. "ताई, मालकांना तेवढा फोन करायला सांगा. मी थांबतो."

"मालक मी आहे," मी म्हटलं.

दोघांपैकी कोणी हसलंसुद्धा नाही. विठू वायर गुंडाळायला लागला. जाताना माझ्याकडे न बघता म्हणाला, माझं पोटपाण्याचं काम आहे ताई, भांडणात नका घेऊ मला.

जिन्यात सरू उभी होती. शिवाला घरी आणलंय कालच. तिने सगळं बघितलं. मला पाणी आणून दिलं. माझ्याच बिल्डिंगमध्ये मी तिच्या हातचं पाणी पीत होते आणि तिला काहीच देऊ शकले नाही.

२१ ऑक्टोबर

ह्यांचा फोन बंद. परवापासून. नासिरने सांगितलं असणार, भाभीने वेल्डर आणला, चार लोकांत अब्रू काढली. एवढा राग? सतरा वर्षांत कधी असं केलं नाही. मी संदेश पाठवले, माफी मागितली. कसली माफी मागितली तेही कळत नाही.

माफी मागून झाल्यावर शिवाचे हात आठवले आणि स्वतःची किळस आली.

२२ ऑक्टोबर

आजही नाही.

२३ ऑक्टोबर

नासिरचाही फोन उचलत नाहीत, असं आज कळलं. तो माझ्याकडे विचारायला आला. म्हणजे राग नाही. मग काय? अम्मींनी दुपारपासून काही खाल्लं नाही. कोणी कोणाकडे बघत नाही.

२४ ऑक्टोबर, बुधवार

सकाळी फोन आला. दुसऱ्या कोणाच्या तरी नंबरवरून. हेच बोलत होते, पण आवाज ओळखूच येईना, घसा जळाल्यासारखा.

तिकडे त्यांच्या बिल्डिंगला आग लागली होती, गुरुवारी रात्री. एका खोलीत नऊजण राहतात, हे मला आज कळलं. मागचं दार बाहेरून बंद होतं. ह्यांना खिडकी फोडून बाहेर काढलं, फोन आतच जळाला, इतके दिवस इस्पितळात होते. शेजारच्या खाटेवरचा खेडचा मुलगा राहिला आत.

बोलता बोलता थांबले. मला वाटलं, फोन तुटला. मग म्हणाले, "जमिला, त्या वेल्डरला बोलाव. मी फोन ठेवत नाही."

नासिर स्वतः जाऊन विठूला घेऊन आला. मी फोन जाळीजवळ धरून उभी राहिले. कटर चालू झाला. सगळे भाडेकरू जिन्यात आले होते, शिवापण.

"पडलं का दार?" त्यांनी विचारलं.

पडलं, म्हटलं.