दुसऱ्यांदा धुतलेला पाय

आवडी, पवित्र शनिवार, २००६

चि. फादर आंतोन यास,

आशीर्वाद. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, म्हणून पवित्र गुरुवारी तू वेदीपुढे बारा म्हाताऱ्यांचे धुतलेस. माझा पाय पुसून तू त्याचे चुंबन घेतलेस, तोच शॉट हुकलेला व्हिडिओवाला ओरडला, "फादर, वन्स मोर!" आणि तू मला म्हणालास, "पपा, पाय पुन्हा पुढे करा." भर मिस्सेत! लोक पाहत होते, म्हणून मी केला. मला किळस आली. नवे वळण म्हणून मी देवळातले ढोल सोसले, गाण्यांचे शब्द दाखवणारा पडदा सोसला. हे सोसवत नाही. हे पत्र मी पाठवणार नाही. उद्या ईस्टरला माझा बाक रिकामा दिसेल, तेव्हा समज.

पहिल्या वेळी माझे डोळे भरून आले होते. तुझ्या व्हिडिओत ते येणार नाही, एवढेच समाधान.

तुझा पिता,
इनास डाबरे