चुन्यात नीळ किती?

अल्बनी, ऑकलंड
१४ जुलै

चि. मधुकर यास,

भाऊजींचे आशीर्वाद. हवे असतील तर घे, नको असतील तर बाजूला काढून ठेव, पण पुढचं वाच. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्याचं तुझ्या श्रीनाथकडून कळलं. जिना चढतोस का? साखर किती आहे? तू चार वर्षं आमच्याशी बोलत नसलास तरी तुझी ताई तुझ्या साखरेची चौकशी तुझ्या मुलाकडे दर महिन्याला करते, हे तुला माहीत नसावं. (मी सांगितलं असं तिला कळू देऊ नकोस.) टपालाला फार दिवस लागतात, म्हणून हे हाताने लिहून पानांचे फोटो श्रीनाथच्या फोनवर पाठवतो आहे. त्याला मोठ्याने वाचायला लावू नकोस, चष्मा लावून स्वतः वाच. माझ्या उजव्या मनगटाला पट्टी आहे, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नयेत.

पत्रास कारण की, रंगाच्या दुकानात चाळीस वर्षं काढलेला माणूस आमच्या अख्ख्या गोतावळ्यात एकच आहे आणि नेमका तोच रुसून बसला आहे. मला एका छताच्या रंगाबद्दल सल्ला हवा आहे. बाकी काही नाही.

झालं असं की ताई तीन आठवडे हॉस्पिटलात आहे. (पोटाचं दुखणं आहे. सविस्तर पुढे कधीतरी.) आता तिला घरी पाठवणार आहेत, पण जिना चढणं शक्य नाही. खाली खोली एकच, आणि ती यतीनची सिनेमाची खोली. आमचे जावई अतिशय व्यवस्थित इंजिनियर आहेत. पडद्यावरचं चित्र उठून दिसावं म्हणून त्यांनी दोन वर्षांपूर्वी त्या खोलीच्या चारही भिंती आणि छत काळं करून घेतलं होतं. काळं म्हणजे तव्याच्या बुडासारखं. खाट कुठे ठेवायची हे बघायला आम्ही सगळे आत गेलो, दिवा लावला आणि नुसते उभे राहिलो. आमची स्वप्ना म्हणाली, पडदे बदलले की बरं दिसेल. तेवढ्यात तिची सिद्धी (वय वर्षं अकरा, मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत) म्हणाली, "आजी कान्ट स्लीप हिअर. इट्स लाइक अ कॉफिन." एरवी असं बोलली असती तर तिच्या आईने तिला खोलीत पाठवलं असतं.  त्या दिवशी यतीन सरळ गॅरेजमध्ये गेले आणि शिडी घेऊन आले.

रंग आणायचं आणि छत रंगवायचं काम मी मागून घेतलं; भिंती यतीनकडे. मुलं दिवसभर ऑफिस आणि हॉस्पिटल करतात, आणि मी घरात बसून आजारी बायकोचे कपडे धुवायचे आणि घड्या घालायच्या, याने माझं डोकं फिरायची वेळ आली होती. दुकानात जाऊन 'पांढरा द्या' म्हणालो. काउंटरवर हरीश नावाचे गृहस्थ असतात. मूळचे फिजीचे, साठीच्या पुढचे, हिंदी बोलतात. त्यांनी माझ्यासमोर पांढऱ्याची शंभरेक कार्डं मांडली. नावं अशी की 'ओला शिंपला', 'शांत मीठ', 'मेंढीची सकाळ' (भाषांतर माझं). बरं, प्रत्येक पांढऱ्यात पुन्हा पूर्ण, अर्धा, पाव आणि अष्टमांश असे भाग. वीज मंडळात मी चौतीस वर्षं काढली, पण पावपट उजेड कुठल्या ग्राहकाला दिला नाही (भारनियमन सोडून). मग चकाकी किती हवी, हा प्रश्न. मॅट, त्याहून थोडा चमकणारा, त्याहून जास्त. हरीशभाई म्हणाले, छताला मॅटच घ्या, नाहीतर झोपलेल्या माणसाच्या डोळ्यांत दिव्याची तिरीप येते. तोवर मी त्यांना कोण झोपणार आहे हे सांगितलं नव्हतं. मग त्यांनी महागातला डबा काढला आणि याच्यावर पंधरा वर्षांची गॅरंटी आहे म्हणाले. माझ्या तोंडून निघून गेलं, "इतकी नको."  मग त्यांनी ती सगळी कार्डं गोळा केली, काउंटरच्या बाहेर आले आणि रंगाचे डबे स्वतः उचलून यतीनच्या गाडीपर्यंत घेऊन आले. असो. विषयांतर झालं.

काळ्यावर पांढरा चढवणं काय असतं, हे तुला मी सांगायला नको. पहिला हात दिला, छत राखाडी झालं. दुसरा दिला, मळक्या धोतरासारखं झालं. इथे सध्या ऐन थंडी, त्यात रोज पाऊस. हीटर लावून ठेवला तरी दुपारपर्यंत रंग ओलाच. तिसऱ्या हाताला खिडकीच्या काचेवरून पाणी ओघळून खाली जमिनीवर साचलं होतं आणि माझ्या पायात जँडल्स होत्या. (जँडल्स म्हणजे आपल्या स्लिपर्स. इथे लोक त्या घालून बँकेतसुद्धा जातात.) चौतीस वर्षं खांबांवर चढलेला माणूस शिडीच्या तिसऱ्या पायरीवरून पडला. मनगट मुरगळलं. रंगाचा ट्रे पोटावर उपडा झाला. सिद्धीने धावत येऊन आधी फोटो काढला आणि मग मला उठवलं. ताईला फोटो दाखवला, तर ती इतकी हसली की नर्स आत आली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा हसली. तेव्हा मनगटाचं मला काही वाटत नाही.

पाच हात झाल्यावर छत पांढरं झालं. नमुन्याच्या अकरा डब्या आणून, कार्डांवर रंगवून, सकाळ-संध्याकाळच्या उजेडात पाहून मी निवडलेला तो पाव 'शांत मीठ' होता. मला फार अभिमान वाटत होता. कार्ड खिशात घालून बसने हॉस्पिटलात गेलो आणि ताईच्या हातात दिलं. तिने ते हात लांब करून वर धरलं.  कार्डाकडे बघितलं, मग कार्डाच्या पलीकडे बघितलं.

"वर बघा," ती म्हणाली.

मी वर बघितलं. मधुकर, हॉस्पिटलचं छत तंतोतंत तोच पाव 'शांत मीठ' होतं. कार्ड छतात मिसळून गेलं होतं, फक्त कडेची तिची बोटं दिसत होती.

"तीन आठवडे हेच बघतेय," ती म्हणाली. "घरी येऊनही हेच बघू का?"

मी कार्ड परत खिशात घातलं. मग तिनेच माझा हात थोपटला. हे आमच्याकडे अलीकडे असं उलटं चालतं. मी विचारलं, मग कुठला हवा ते एकदा सांगून टाक. तिने डोळे मिटले. झोपली असं वाटलं. मग म्हणाली, "मिरजेला दिवाळीच्या आधी मधू चुन्यात नीळ टाकायचा. तसा."

"नीळ किती टाकायचा?"

"ते त्यालाच विचारा."

चार वर्षांत तिने तुझं नाव उच्चारलेलं मी ऐकलं नव्हतं.

परत हरीशभाईंकडे तीन खेपा घातल्या. त्यांच्याकडे थेंब मोजून रंग घालणारं यंत्र आहे. पहिल्यांदा निळा घातला तर पाण्याच्या टाकीच्या आतल्यासारखा झाला. दुसऱ्यांदा शाळेच्या शर्टासारखा. तिसऱ्यांदा काहीच दिसेना. ते म्हणाले, भैया, आकडा सांगा, तेवढा बरोबर घालतो. तो आकडा मला तुझ्याकडून हवा आहे. एका बादलीला किती, एवढंच. श्रीनाथच्या फोनवरून एक ओळ टाकलीस तरी चालेल.

आता निघालंच आहे तर एक लिहितो. आई गेल्या तेव्हा विमानं बंद होती. ताई दोन दिवस आणि दोन रात्री फोन कानाला लावून बसली होती, कुठून कसंही तिकीट मिळावं म्हणून. तेवढ्यात तुझा फोन आला आणि तू म्हणालास, "तुला यायचंच नव्हतं, विमानांचं निमित्त बरं सापडलं." तू एकट्याने सगळं निस्तरत होतास, मास्क लावलेली चार परकी माणसं सोबत होती, आपलं कोणी नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. तेव्हाच मी मध्ये पडून बोलायला हवं होतं. दोघंही आपापल्या रागात आहेत, उतरेल, असं म्हणून गप्प बसलो. चूक झाली. वयाने मोठा असून झाली.

असो. तब्येतीला जप. गुडघ्याचा व्यायाम बुडवू नकोस.

तुझा,
जनार्दन भाऊजी

ता. क. : पत्र खिशात घेऊन हॉस्पिटलात गेलो होतो. ताईने कागद पाहिले आणि वाचून दाखवायला लावलं. तिचं म्हणणं, अर्धं पत्र फसवं आहे, दुरुस्त करून पाठवा. तर दुरुस्ती : पोटाचं दुखणं नाही, कॅन्सर आहे. यकृतात पसरला आहे. उपचार थांबवले आहेत. डॉक्टरांनी दोन महिने सांगितले होते, त्यातले तीन आठवडे गेले. घरी पाठवत आहेत ते बरी झाली म्हणून नाही.

ता. क. दुसरा : नीळ बादलीला अर्धी पुडी. हे तिने आत्ता सांगितलं. पुडी तीच फोडून द्यायची आणि तू काठीने ढवळायचास, म्हणे. मी म्हटलं, मग त्या दिवशी का नाही सांगितलंस? मला तीन वेळा दुकानात का पिटाळलंस? तर म्हणाली, "तुम्ही त्याला विचारावं म्हणून." तेव्हा रंगाबद्दल काही कळवू नकोस. छत आम्ही करून घेतो. तू ये. स्वप्नाने व्हिसाची सगळी माहिती श्रीनाथला पाठवली आहे, तो आज संध्याकाळी तुझ्यासमोर फॉर्म घेऊन बसेल. गुडघ्यासाठी विमानतळावर खुर्ची मिळते. हे मी माझ्या मनाने लिहितो आहे. तिने 'त्याला ये म्हणू नका, नाही आला तर मला सोसणार नाही' असं बजावलं आहे.

ता. क. तिसरा : मी काय लिहिलं ते तिने ओळखलं. बराच वेळ भिंतीकडे तोंड करून पडून होती. आत्ता इकडे वळली आणि म्हणाली, लिहाच आता. येणार असेल तर चटणी, मेतकूट, लोणचं काही म्हणजे काही आणू नकोस म्हणावं. खायचं दिसलं की विमानतळावर बॅगा उघडून तपासत बसतात, दोन-दोन तास रांगेत जातात. ते दोन तास मला हवेत.